यंत्राची निगा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रांची व अवजारांची पूजा करण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. पूर्वी या दिवशी नांगर, कुळव, तिफण, विळा, कुऱ्हाड यांना हळदकुंकू वाहिले जाई. आज त्यांच्याच पंक्तीला ट्रॅक्टर येऊन बसला आहे. त्याला धुतात, त्याच्या तोंडावर झेंडूची माळ चढवितात, त्याच्यापुढे नारळ फोडतात. ज्याच्या बळावर घराचे पोट भरते, त्याच्याविषयी कृतज्ञ राहावे ही भावना सुंदर आहे. परंतु माळ सुकून गेल्यावर त्या यंत्राकडे कोण पाहतो? एक दिवस पूजा आणि उरलेले वर्ष उपेक्षा, याला कृतज्ञता म्हणता येणार नाही. यंत्राला फुलांपेक्षा स्वच्छ तेल, घट्ट बसविलेले नटबोल्ट आणि वेळेवर केलेली दुरुस्ती अधिक प्रिय असते.

बैलाची काळजी कशी घ्यावी, हे शेतकऱ्याला कोणी शिकविले नाही. बैलाने वैरण टाकली, रवंथ थांबविला किंवा पाय ओढला, की धन्याच्या मनात चर्र होते. यंत्र मात्र मुके आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः यंत्रही बोलते. त्याची भाषा समजून घ्यावी लागते. वैद्य जसा नाडी पाहतो, तसा जाणता कारागीर ट्रॅक्टरचा धूर पाहतो. धूर काळाकुट्ट असेल, तर इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही किंवा डिझेल प्रमाणाबाहेर जात आहे. धूर निळसर असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिनातील ऑइल जळू लागले असावे. थंडीच्या सकाळी प्रारंभी थोडा पांढरा धूर दिसला तर चिंता नको. पण तो सुटतच राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनाच्या पोटात पाणी शिरत आहे. ऑइलचा रंग दुधासारखा झाला, तर त्यात पाणी मिसळले हे निश्चित समजावे. इतकी स्पष्ट भाषा बोलणाऱ्याला मुके कसे म्हणावे?

यंत्र वयाने म्हातारे होते, असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. यंत्राला वयापेक्षा धूळ अधिक लवकर म्हातारे करते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी किमान सुमारे १५ किलो हवा लागते. उन्हाळ्यात नांगरट चालू असताना ही सारी हवा धुळीने भरलेली असते. जुन्या ट्रॅक्टरांत ती गाळण्यासाठी बहुधा तेलाची वाटी असते. आत जाणारी हवा त्या तेलावर आपटून वळते आणि तिच्यातील धूळ तेलात अडकते. वाटीत गाळ साचला आणि ती साफ केली नाही, तर तीच धूळ इंजिनात शिरते आणि पॉलिश कागदाने लाकूड घासावे तसे त्याचे अंतरंग घासून काढते. डिझेलचेही तसेच आहे. डिझेल दाबाने सोडणाऱ्या पंपातील दट्ट्या आणि त्याचे घर यांच्यामध्ये अवघ्या काही मायक्रॉनची फट असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाड असतो. इतक्या नाजूक जागी वाळूचा एक कण गेला तर काय होईल, याची कल्पना सहज करता येते. म्हणून डिझेल गाळून भरणे आणि त्याचा फिल्टर वेळेवर बदलणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर हजारो रुपयांचा पंप अवलंबून असतो.

सकाळी ट्रॅक्टर चालू करण्यापूर्वी सपाट जागेवर ऑइलची पातळी पाहावी. रेडिएटरमधील पाणी पाहावे. सांध्यांना ग्रीस द्यावे, म्हणजे नवे ग्रीस आत शिरताना जुनी माती बाहेर ढकलते. टायरांतील हवा आणि सैल झालेले बोल्ट तपासावेत. या साऱ्याला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. एवढा वेळ रोज देणे ज्याला जड वाटते, त्याला पुढे ऐन हंगामात आठ-आठ दिवस गॅरेजच्या दारात काढावे लागतात.

आणि शेतीत ऐन हंगाम म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगावयास नको. मृगाचा पाऊस पडतो, जमिनीला वाफसा येतो आणि पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला, तर ते नुकसान एका सुट्या भागाच्या किमतीएवढे नसते. हातचा हंगाम जाऊ शकतो. शिवाय गावातील सर्वांकडे ट्रॅक्टर नसतो. एकाच ट्रॅक्टरवर भाड्याने शेत करून घेणारी दहा-पंधरा कुटुंबे असतात. मालकाच्या हयगयीची शिक्षा त्या सर्वांना भोगावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

यावर कोणी म्हणेल, “जुन्यावर खर्च कशाला करावा? नवा घ्यावा!” ज्याला परवडते त्याने अवश्य घ्यावा. पण नव्याचे नऊ दिवस सरले, की नव्यालाही तीच निगा लागते. ज्याने जुना ट्रॅक्टर हयगयीने मारला, तो नव्यालाही लवकरच जुना करील आणि कर्जाचे हप्ते मात्र फेडीत बसेल. उलट, चांगली निगा राखलेली यंत्रे आपल्या कारखान्यापेक्षाही अधिक काळ जगतात. हरियाणातील पिंजोर येथे १९७१ साली ‘एचएमटी’ या सरकारी कंपनीचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. पुढे कंपनी तोट्यात गेली आणि तिचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. परंतु कारखाना बंद झाला म्हणून शेतात चालणारे ट्रॅक्टर थांबले नाहीत. गावोगावच्या कारागिरांनी सुटे भाग शोधून, झिजलेले भाग लेथवर पुन्हा घडवून ते चालते ठेवले आहेत. जन्मदात्या कारखान्याने हात सोडला, तेव्हा या जाणत्या हातांनी त्यांना आधार दिला.

तथापि दुरुस्ती आणि तात्पुरती डागडुजी यांतील भेद ओळखला पाहिजे. तुटलेला भाग तारेने बांधणे, गळणाऱ्या नळीवर चिंधी गुंडाळणे, फिल्टर चोंदला म्हणून तो काढूनच टाकणे, यांना दुरुस्ती म्हणत नाहीत. शेतातून घरापर्यंत पोहोचण्यापुरते ते ठीक. पण त्यावरच वर्ष ढकलणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. ‘जुने ते सोने’ ही म्हणही डोळे झाकून वापरू नये. ज्याचे ब्रेक लागत नाहीत, ज्याच्या मागील फिरत्या दांड्यावर झाकण नाही, ज्याचा धूर कितीही काम केले तरी थांबत नाही, ते यंत्र जुने असले तरी सोने नव्हे. माणसाच्या जिवापेक्षा कोणतेही यंत्र मोलाचे नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणारा, चालू इंजिनात हात घालणारा, किंवा नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली शिरणारा मनुष्य धाडसी नसतो, अविचारी असतो. खऱ्या कारागिराच्या हाताआधी त्याचा विवेक काम करतो.

दुरुस्ती करणाऱ्याला कमी लेखण्याची खोड समाजात आहे. काळे झालेले हात पाहून नाक मुरडणारे लोक त्याच हातांनी चालू केलेल्या मोटारीतून फिरतात. अशांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आठवावे. त्यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या छोट्या दुकानातून झाला. सायकली विकाव्यात, मोडलेल्या नीट कराव्यात, असा तो व्यवसाय होता. त्याच उद्योगातून १९०३ साली लोखंडी नांगर निर्माण झाला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, या भीतीने शेतकरी प्रथम तो घेईनात. पण नांगराने आपला गुण दाखविला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. वस्तू का मोडते हे ज्याला कळते, त्यालाच ती अधिक चांगली कशी करावी हे सुचते. दुरुस्ती ही निर्मितीची पहिली शाळा आहे.

म्हणूनच दुरुस्ती करण्याची मोकळीक ही लहान गोष्ट नाही. आजच्या नव्या शेतीयंत्रांत संगणक बसविलेले असतात आणि काही यंत्रांचा बिघाड शोधण्याची साधने केवळ कंपनीच्या माणसांकडेच असतात. मालक धडधाकट, हत्यारे हाताशी आणि तरीही यंत्र उघडता येत नाही, अशी विचित्र अवस्था होते. याविरुद्ध जगभर विचार सुरू झाला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली; तिने विचारात घेतलेल्या क्षेत्रांत शेतीची यंत्रेही होती. पण कायद्याने दार उघडले, तरी आत शिरणाऱ्याला विद्या हवी. ज्याला पाना धरता येत नाही, त्याला हक्क मिळून काय उपयोग? नाचता येईना अंगण वाकडे, अशी त्याची गत होईल.

ही विद्या मिळविण्याची सोय देशात आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल इंजिनाचे व ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचे अभ्यासक्रम शिकविले जातात. तेथे मुलांइतक्याच मुलींनीही जावे. यंत्र हात कोणाचा आहे हे पाहत नाही, तो जाणता आहे की नाही एवढेच पाहते. परंतु या शिक्षणाचा आरंभ त्याही आधी, घरीच होऊ शकतो. सायकलच्या साखळीला तेल देणे, विळ्याला धार लावणे, ट्रॅक्टरचे ऑइल कोणत्या तारखेला बदलले हे वहीत लिहून ठेवणे, एवढे अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना सहज जमते. मोठी माणसे यंत्र उघडतील, तेव्हा जवळ बसून पाहावे, प्रत्येक भागाचे नाव आणि काम विचारावे. हातची वस्तू मोडली की टाकून देणारे घर कितीही कमावो, रितेच राहते. आणि जे आहे ते जपून, समजून, नीट करून वापरणाऱ्या घराला थोड्यातही पुरून उरते. घराचे जे, तेच गावाचे आणि तेच देशाचेही.