केबल तोडणाऱ्यांना

केबल तोडून इंटरनेटवरील वाहिन्यांची वर्गणी भरणे, याला आमची मंडळी मुक्ती म्हणू लागली आहेत. कसली मुक्ती? एका बिलाच्या जागी तीन आली, वर ब्रॉडबँडचे चौथे! अमेरिकेत केबल सोडणारा निदान अँटेना लावतो. तेथे स्थानिक वाहिन्या आजही हवेतून विनामूल्य मिळतात. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर आपल्या कौलांवर चढलेल्या अँटेनांना मात्र आता काम उरलेले नाही. प्रसार भारतीने २०२२ पर्यंत बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. उरली 'डीडी फ्री डिश'. तबकडी आणि सेट-टॉप बॉक्स एकदाच विकत घ्यावा, मासिक शुल्क नाही, सह्याद्रीही दिसते. पण तिचे नाव काढताच नाके मुरडली जातात. ती म्हणे गरिबांची!

रुग्णशय्येवरील संत क्लाराला दूरच्या मंदिरातील नाताळची उपासना भिंतीवर दिसली, अशी परंपरा आहे. म्हणून पोप बारावे पायस यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री घोषित केले. आमच्या घरातील खाटेवरच्या आजीला पासवर्ड कोण सांगणार? कालपर्यंत एक बटण दाबून बातम्या पाहणारी ती आज नातवाची वाट पाहत बसते. केबल खुशाल तोडा. आधी तिच्या खोलीत तबकडीची तार पोहोचवा.