जिथून फोन येत नाही, तिथे आधी जा!

वादळ येऊन गेलं की तुमच्या मोबाइलवर पहिला व्हिडिओ कुठून येतो? जिथे नेटवर्क शाबूत आहे, तिथून. झाड पडलेली गाडी, उडालेला पत्रा, गुडघाभर पाणी. आपण ते बघतो, ‘बापरे’ म्हणतो आणि पुढे ढकलतो. पण जिथे खरंच सगळं होत्याचं नव्हतं झालंय, तिथून व्हिडिओ येत नाही. टॉवर आडवा झालाय, वीज गेलीय, रस्त्यावर झाडं पडलीत. तिथून येते ती फक्त शांतता.

माझं म्हणणं सरळ आहे. वादळानंतर सरकारी यंत्रणा बहुतेक वेळा माणसं, पैसा किंवा हिंमत नाही म्हणून फसत नाही. ती फसते, कारण या शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा लावला जातो. आणि कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं नसतं.

हे सगळ्यात महागात पडलं ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाला.

बस होत्या, ड्रायव्हर नव्हते

२९ ऑगस्ट २००५. ‘कॅटरिना’ हे हरिकेन अमेरिकेच्या लुइझियाना राज्यावर आदळलं. (हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच. तिकडच्या समुद्रात उठलं म्हणून नाव वेगळं.) पूररोधक बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हजाराहून जास्त माणसं गेली.

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. असं काही होऊ शकतं हे सगळ्यांना माहीत होतं! जुलै २००४ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, ‘हरिकेन पॅम’ नावाचा सराव तिथेच झाला होता. काल्पनिक वादळ, न्यू ऑर्लिन्स बुडालेलं, हजारो लोक अडकलेले. अधिकाऱ्यांनी दिवसचे दिवस बसून चर्चा केली. पण काही मुद्दे ‘नंतर बघू’ म्हणून राहून गेले. ते ‘नंतर’ १३ महिन्यांत आलं.

राज्याच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी २६ ऑगस्टलाच आणीबाणी जाहीर केली. शहराचे महापौर रे नेगिन यांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला तो २८ तारखेला सकाळी, वादळाच्या जेमतेम एक दिवस आधी. ज्यांच्याकडे गाडी होती ते गेले. ज्यांच्याकडे नव्हती, म्हणजे गरीब, म्हातारे, आजारी, ते राहिले. त्यांना न्यायला शहरात शाळेच्या बस होत्या. त्या पार्किंगमध्ये रांगेने पाण्यात बुडालेल्या दिसतात, तो फोटो जगभर गाजला. कारण बस कागदावर होत्या, पण त्या चालवायला कोण येणार हे कुठेच पक्कं नव्हतं. ड्रायव्हरलाही घरदार असतं, तोही कुटुंबाला घेऊन निघून जाणार, हा विचार प्लॅनमध्ये नव्हता.

मागायचं कुणी?

अमेरिकेतली पद्धत खालून वर जाते. शहराला जमलं नाही की ते राज्याकडे मागतं. राज्याला जमलं नाही की गव्हर्नर केंद्राकडे मागतो. कागदावर हे छानच आहे, कारण स्थानिक माणसाला स्थानिक गरज कळते. पण जो मागणार, तोच पाण्यात असेल तर? कॅटरिनात तीस लाखांवर फोनलाइन बंद पडल्या. शेजारशेजारच्या यंत्रणांचे रेडिओ एकमेकांशी जुळत नव्हते. खालचा माणूस मागू शकत नव्हता आणि वरचा मागणीची वाट बघत होता.

शहरातल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो लोक अन्नपाण्याविना अडकले होते. टीव्हीवर ते दिसत होते. आणि केंद्राच्या आपत्ती यंत्रणेचे, म्हणजे ‘फेमा’चे प्रमुख मायकल ब्राउन १ सप्टेंबरला टीव्हीवरच म्हणाले, की या लोकांबद्दल आपल्याला आजच कळलं. दर्शकांना माहीत, प्रमुखांना नाही. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. ते खरं बोलत होते, हीच भीती आहे. माहिती होती, ती योग्य टेबलापर्यंत पोचायचा रस्ता नव्हता.

त्यातच वाद पेटला की प्रमुख कोण. नॅशनल गार्डचे जवान राज्याच्या हाताखाली राहणार की केंद्राच्या? राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ते केंद्राकडे द्यायला सुचवलं, ब्लँको यांनी नकार दिला. दोघांकडेही आपापली कारणं होती. पण घराला आग लागल्यावर बादली कुणाच्या नावाची यावर बोलणी चालू असतील, तर चूक त्या दिवसाची नसते. ती आधीच्या सगळ्या निवांत दिवसांची असते.

पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदा बदलला. आता राज्याने रीतसर मागण्याआधीही फेमा मदत हलवू शकते. म्हणजे ‘फोन आला नाही’ ही सबब उरली नाही. यासाठी एवढी माणसं जावी लागली.

हॉटेल बंद? मग तिकडे चला!

याच शांततेचा उलटा, हुशार वापर केला क्रेग फ्युगेट या माणसाने. ते फ्लोरिडा राज्याच्या आपत्ती विभागाचे प्रमुख होते, नंतर फेमाचे झाले. २००४ मध्ये फ्लोरिडाला सहा आठवड्यांत चार हरिकेन धडकली. कुठलं गाव किती उद्ध्वस्त झालंय हे पटकन कसं कळणार? तिकडे ‘वॉफल हाउस’ नावाची चोवीस तास चालणारी हॉटेलं आहेत. आपल्याकडे हायवेला ढाबे असतात तशीच समजा. ती सहसा बंद होत नाहीत. फ्युगेट यांचा हिशेब सोपा होता. हॉटेल चालू आणि पूर्ण मेन्यू मिळतोय, तर हिरवा. मोजकेच पदार्थ मिळतायत, म्हणजे वीज किंवा पाण्याची अडचण, तर पिवळा. आणि हॉटेलच बंद, तर लाल. लाल दिसलं की तिकडे आधी जा.

हे वाचून हसू येतं, पण विचार बघा. वाट कुणाच्या फोनची बघायची नाही. जिथलं रोजचं आयुष्य थांबलंय, तीच हाक समजायची.

हे सगळीकडे शिकलं गेलं असं मात्र नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ने पोर्टो रिको बेट झोडपलं. मदतीचे हजारो कंटेनर सान हुआनच्या बंदरात आले आणि तिथेच अडकले. ट्रक होते, पण रस्ते बंद, डिझेलची मारामार आणि ड्रायव्हरना बोलवायला फोनच नाही. पुन्हा ड्रायव्हर! सरकारी आकडा बराच काळ ६४ मृत्यूंवर थांबला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये एका विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो २,९७५ झाला. मधले सगळे वादळात मेले नव्हते. ते नंतरच्या महिन्यांत गेले. वीज नाही, औषध नाही, दवाखाना गाठता येत नाही म्हणून. वादळ एका दिवसाचं असतं, ‘नंतर’ कितीतरी महिन्यांचं.

आपल्याकडे काय?

कॅटरिनाच्या साधारण महिनाभर आधी, २६ जुलै २००५ ला, मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील, पण घरी विचारा, प्रत्येकाकडे त्या रात्रीची गोष्ट आहे. त्याच वर्षाच्या शेवटी आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्यानुसार राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री आणि जिल्ह्याचे जिल्हाधिकारी. म्हणजे ‘प्रमुख कोण’ याचं उत्तर आपल्याकडे कागदावर तरी स्वच्छ आहे.

ते किती कामाला येतं, हे ओडिशाने दाखवलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसं गेली. त्यानंतर राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. मे २०१९ मध्ये ‘फनी’ आलं, तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना आधीच हलवलं गेलं. मृत्यू शंभराच्या आत राहिले. यात कुणी सिनेमातला हिरो नव्हता. होती ती यादी. कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कुठला निवारा कुणासाठी, चावी कुणाकडे.

आणि आपलं कोकण? ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर, दिवेआगरजवळ धडकलं. त्या दिवशीच्या बातम्या आठवा. ‘मुंबई थोडक्यात वाचली.’ हायसं वाटलं सगळ्यांना. पण श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड इथे नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या होत्या. विजेचे खांब आडवे, मोबाइल मुके. कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. एक सुपारीचं झाड उत्पन्न द्यायला लागेपर्यंत वर्षं जातात, म्हणजे त्या घरांचं ‘नंतर’ अजून संपलेलं नाही. पण कॅमेरे मुंबईचे होते. मुंबई वाचली आणि बातमीही संपली.

मी पत्रकारिता शिकते, म्हणून हे मला जास्त टोचतं. कॅटरिनाच्या वेळी माध्यमांनी सुपरडोम स्टेडियममध्ये सर्रास खून आणि बलात्कार चालल्याच्या बातम्या दिल्या. पुढे त्यातल्या बहुतेक अफवा किंवा अतिशयोक्ती निघाल्या. पण तोवर भीतीने मदतीचे पाय अडखळले होते. म्हणजे माध्यमांनी जिथे आवाज नव्हता तिथे जायला हवं होतं आणि ते जिथे आवाज जास्त होता तिथेच थांबले. फॉरवर्ड करणारे आपणही यात आलोच.

‘आर्मीला देऊन टाका ना!’

हे वाक्य प्रत्येक आपत्तीत ऐकू येतं. लष्कर शिस्तीचं असतं, खरंय. न्यू ऑर्लिन्समध्येही जनरल रसेल ऑनरे आले आणि कामाला वेग आला. पण कुठल्या गल्लीत डायलिसिसचा पेशंट आहे, हे बाहेरून आलेल्या जवानाला कोण सांगणार? ते गावातच माहीत असतं. लष्कर हा हात आहे, डोळे स्थानिकच लागतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सरकारी समन्वय म्हणजे परवानग्यांचा खेळ, त्यापेक्षा लोकच बरे. लुइझियानात साधी माणसं मासेमारीच्या होड्या घेऊन आली आणि त्यांनी कितीतरी जणांना वाचवलं. मला हे मान्य आहे. पण समन्वय म्हणजे परवानगी नव्हे. समन्वय म्हणजे एकाच गल्लीत दहा होड्या आणि पलीकडच्या गल्लीत एकही नाही, असं होऊ न देणं. चांगली यंत्रणा लोकांना अडवत नाही, ‘तिकडे जा’ एवढं सांगते.

मग आपण काय करायचं?

आपल्या कॉलेजात आपत्ती आली की काय होतं? पोस्टर, डबा, जुने कपडे. भावना चांगली, पण जुन्या कपड्यांचे ढीग वेगळे करायला तिथे आणखी माणसं लागतात. त्यापेक्षा ही कामं करून बघा.

तुमच्या जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा शोधा आणि वाचा. कंटाळवाणा असेल, तरी वाचा. त्यातले फोन नंबर लावून बघा. कोण उचलतं, कोण उचलत नाही, बदली झालेल्या साहेबांचं नाव अजून आहे का, ते लिहून काढा आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. जिल्ह्याचा नंबर १०७७, आत्ताच सेव्ह करा. तुमच्या कॉलेजचा हॉल निवारा म्हणून यादीत आहे का, ते विचारा. असेल तर रात्री दोन वाजता त्याची चावी कुणाकडे असते, तेही विचारा. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळतं, ते घ्या. हॅम रेडिओचा परवाना काढता येतो, टॉवर पडल्यावर तोच बोलतो. आणि एनएसएसच्या शिबिरात एक दिवस गावातली यादी करा. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, रोजच्या औषधावर जगणारे कोण, हे ग्रामपंचायतीकडे असलं पाहिजे.

यातल्या कशाचीही रील व्हायरल होणार नाही. नंबर लावून बघणाऱ्याला कुणी टाळ्या देत नाही. पण बस बुडाल्या त्या टाळ्यांअभावी नाही, ड्रायव्हरचं नाव आणि नंबर लिहून ठेवणारं कुणी नव्हतं म्हणून.

आणि पुढचं वादळ येऊन गेलं, की मोबाइलवर काय आलं ते बघून झाल्यावर नकाशा उघडा. कुठून काहीच आलेलं नाही, ते शोधा आणि त्या गावाचं नाव घेऊन नियंत्रण कक्षाला फोन करा.