मूल्यशिक्षण: परिपाठात की गणिताच्या तासाला?

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांसाठी मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये ठरलेली आहेत. श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता ही त्यांतली काही. पुष्कळ शाळांत त्यांची गाठ फक्त परिपाठात पडते. प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा झाली की मुले वर्गात जातात आणि ‘अभ्यास’ सुरू होतो. मूल्ये हा संस्कारांचा विषय, शिकण्याची गोडी हा अध्यापनाचा. दोन्ही एकत्र केल्यास वाचन-गणिताचा वेळ जातो, असे या विभागणीचे समर्थन केले जाते.

वेळेची काळजी रास्तच आहे. पण मूल्यशिक्षण म्हणजे जादा काम, हे त्यामागचे गृहीतकच चुकीचे आहे. 52 वजा 27 या उदाहरणाचे उत्तर एखादे मूल 35 लिहिते. एककाच्या घरात त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो. म्हणजे चुकीचा का होईना, विचार केलेला असतो. फुली मारून पुढे गेल्यास ‘आपल्याला गणित येत नाही’ एवढेच ते शिकते. ‘कसे केलेस?’ असे विचारून ताळा करायला लावला, तर 35 आणि 27 मिळून 62 होतात आणि चूक त्याची त्यालाच सापडते. पुरावा पाहून मत बदलणे, पुन्हा प्रयत्न करणे, दुसऱ्याच्या चुकीला न हसणे, हे सारे त्या काही मिनिटांत घडते. वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवायला याहून चांगली जागा नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यालाही ही फारकत मान्य नाही. अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा आणि मुलाने भयमुक्त राहून मोकळेपणाने मत मांडावे, या दोन्ही अपेक्षा कलम 29 मधील एकाच यादीत आहेत. चुकण्याची धास्ती असलेल्या वर्गात प्रामाणिकपणाची बोधकथा फोल ठरते. तिथे मूल शेजारच्या वहीतले उत्तर उतरवायला शिकते.

अर्थात प्रत्येक मूल्य प्रत्येक पाठात कोंबू नये. वजाबाकीतून राष्ट्रभक्ती शिकवता येत नाही. स्त्री-पुरुष समानतेला मात्र परिसर अभ्यासात घरकामाच्या चर्चेपासून प्रयोगाचे साहित्य कोण हाताळते इथपर्यंत भरपूर वाव आहे.

मूल्ये मोजता येत नाहीत, हा आणखी एक आक्षेप. गुणांत ती मोजता येत नाहीत, हे खरे. पण आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींची सोय आहे. तिथे ‘वर्तन चांगले’ हा शेरा निरुपयोगी. ‘ताळा करून स्वतःची चूक शोधते’, ‘गटात दुसऱ्याचे पूर्ण ऐकून मग उत्तर देते’ अशा नोंदींत मूल्य आणि अभ्यासवृत्ती एकत्रच दिसतात, आणि त्या मुलाबरोबर पुढे काय करायचे हेही शिक्षकाला कळते.