चौघांचा हिशेब

पनवेलहून सीएसएमटी लोकल पकडली की सहावं स्टेशन नेरूळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १५ डिसेंबर २०१९ ला ‘यू टू’ वाजवून गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तीन रात्री ‘कोल्डप्ले’. कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत लाखांतला नंबर बघत बसलेले महाभाग आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये निघतील. अशा कॉन्सर्टनंतर कॉलेजच्या कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो. जुने रॉक बँड एवढे मोठे का झाले? क्वीन, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड यांची गाणी त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरं अजून का वाजवतात? आणि आपल्याकडे दर वर्षी फेस्टिव्हलला जमणारे बँड पुढच्या फेस्टिव्हलपर्यंत का टिकत नाहीत?

ठरलेली उत्तरं असतात. टॅलेंट, नशीब, इंग्रजी, गोरी कातडी, कंपनीचा पैसा. यातलं एकही खोटं नाही. पण तेवढंच टॅलेंट आणि तेवढंच इंग्रजी असलेले शेकडो बँड त्याच काळात, त्याच गावांत फुटले. टिकले त्यांच्यात काय वेगळं होतं, हे शोधायला गेलं की फार रोमँटिक नसलेली एक गोष्ट हाताला लागते. त्यांनी हिशेब नीट केला. गाणं कुणाचं आणि पैसे कुणाचे, याचा.

नेरूळला आलेल्या त्या यू टूचंच बघा. १९७६ मध्ये डब्लिनच्या एका शाळेत लॅरी म्युलन या ड्रम वाजवणाऱ्या मुलानं नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावली, की बँड काढायचाय, कोण येतंय? पहिली तालीम त्याच्याच घरच्या स्वयंपाकघरात झाली. त्यातून उरलेले चौघं चार दशकांनंतरही तेच चौघं होते आणि तेच नेरूळच्या स्टेजवर चढले. यामागे मैत्री आहेच, पण एक साधा नियमही आहे. गाण्यांचं श्रेय ‘यू टू’ या नावानं आणि पैशाची वाटणी समान. त्यांचे मॅनेजर पॉल मॅकगिनेस यांनी अगदी सुरुवातीला हा सल्ला दिला आणि पोरांनी तो ऐकला. कोल्डप्लेच्या गाण्यांवरही चौघांची नावं असतात. क्रिस मार्टिनच सगळीकडे दिसतो म्हणून बेसवाल्याचं नाव गळत नाही.

आता क्वीन. यांचा हिशेब इतका सरळ नव्हता आणि म्हणूनच तो जास्त शिकवतो.

क्वीनची गोष्ट आपल्या घाटावरूनच सुरू होते. झांझिबारला जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा १९५०च्या दशकात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता. तिथं पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात पुढं उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. फारुख मागं पियानोवर असायचा. हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. जगातला सर्वांत भारी फ्रंटमन समजला जाणारा माणूस आधी काही वर्षं बाजूला बसून वाजवत होता, दुसऱ्याला साथ देत होता. आमच्या मते क्वीन समजून घ्यायला ही माहिती त्याच्या मिशीपेक्षा आणि पिवळ्या जाकिटापेक्षा जास्त कामाची आहे.

१३ जुलै १९८५. लंडनचं वेम्बली, लाइव्ह एड. क्वीनला वीसेक मिनिटं मिळाली होती. इतर मोठी मंडळी येऊन जमेल तसं वाजवून गेली, यांनी मात्र आधी थिएटर घेऊन घड्याळ लावून तालीम केली होती. त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ न पाहिलेला रॉकप्रेमी सापडणं कठीण. सगळं स्टेडियम डोक्यावर हात नेऊन एका ठेक्यात टाळ्या वाजवतंय, ते दृश्य आठवतं ना? ते ‘रेडिओ गा गा’. लिहिलंय कुणी? ड्रमर रॉजर टेलरनं. त्यानंतर पाय आणि टाळ्यांवरचं ‘वी विल रॉक यू’ झालं, ते गिटारवाल्या ब्रायन मेचं. अमेरिकेत नंबर वनला गेलेलं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनचं. हा डीकन मुलाखतीतही फारसा तोंड उघडायचा नाही! फ्रेडीसारखा माणूस समोर असताना इतर तिघांनी गाणी लिहिली आणि फ्रेडीनं ती स्वतःची असल्यासारखी गायली.

‘वी विल रॉक यू’वर जरा थांबू या. १९७७ मध्ये एका कार्यक्रमानंतर प्रेक्षक आपणहून एकसुरात गाऊ लागले, ते ऐकून ब्रायन मेला प्रश्न पडला की खच्चून भरलेल्या गर्दीतल्या माणसाला नेमकं काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. बस्स. त्यानं तेवढ्यावर गाणं बेतलं. त्या ठेक्यात ड्रमसुद्धा नाही, लाकडी फळ्यांवर पाय आपटून त्याचे थर चढवलेत. आज शाळेच्या स्पोर्ट्‌स डेला बेंच बडवणाऱ्या पोरांनी क्वीनचं नावही ऐकलेलं नसतं, पण दोन धप्प आणि एक टाळी त्यांना येते. ‘प्रभाव’ म्हणतात तो हा. ऐकणाऱ्याला करायला काहीतरी ठेवलं, की गाणं त्याचं होतं. आरतीला झांजा हातात मिळालेल्या पोराला हे सांगायला नको.

पण भांडणं? होती की. १९७५ साली ‘बोहेमियन रॅप्सडी’ची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला टेलरचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ होतं. लोक रेकॉर्ड घ्यायचे पहिल्या बाजूसाठी, पण रॉयल्टी दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखीच मिळायची. म्हणजे फारसं कुणी न मागितलेल्या गाण्याचे टेलरला फ्रेडीइतकेच पैसे. यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस होती. शेवटी १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून त्यांनी ठरवलं, की गाणं कुणीही आणो, नाव क्वीनचं. हे शहाणपण यायला जवळपास दोन दशकं लागली. आलं तेव्हा फ्रेडीच्या हातात फार वर्षं उरली नव्हती.

इथं कुणी म्हणेल, की वाटणी न करताही बँड मोठे झालेत. बरोबर. ‘द पोलीस’ घ्या. हे लोक १९८० साली मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेले होते. बहुतेक गाणी स्टिंगच्या नावावर. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ची ओळख म्हणजे अँडी समर्सची ती गिटार, पण गाण्यावर नाव एकट्या स्टिंगचं. बँड जगभर गाजला आणि चढतीच्या काळातच मोडला. २०२५ मध्ये समर्स आणि ड्रमर स्टुअर्ट कोपलँड रॉयल्टीसाठी लंडनच्या कोर्टात गेले. पोलीसची गाणी मोठी आहेत, यात वाद नाही. पण म्हातारपणी एकमेकांशी वकिलामार्फत बोलायची वेळ यावी, एवढी किंमत त्यांनी दिली.

आणि हे सगळं गोऱ्यांचं आहे असं समजू नका. आपल्याकडे संगीत नाटक मंडळ्या म्हणजे त्या काळातले टूरिंग बँडच की! गाव घ्यायचं, तंबू किंवा थिएटर, ऑर्गन, तबला, सारंगी आणि एक स्टार. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंब्यांच्या चाली, बोडसांचा अभिनय आणि व्यवहार, बालगंधर्वांचा गळा. काही वर्षांतच टेंबे बाहेर पडले, मग बोडसही. गळा राहिला, पण कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली गेली. एका माणसावर उभं केलेलं दुकान कसं चालतं, याचं हे शंभर वर्षांपूर्वीचं घरचं उदाहरण.

आता पनवेलकडे येऊ. आपल्याकडच्या बँडमध्ये हिशेबाची भांडणं होतात का? फारशी नाही. कारण वाटायला काही नसतंच. वाटायला आधी गाणं स्वतःचं लागतं. कव्हरवर मिळते ती एका रात्रीची बिदागी. ती वडापाव आणि रिक्षात संपते.

हा प्रश्न मुंबईच्या रॉकवाल्यांना चाळीस वर्षांपूर्वी पडला होता. १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर वगैरे मंडळी. आधी तेही परदेशी गाणीच वाजवायचे, कारण पब्लिकला तीच हवी असायची. मग त्यांनी हट्टानं स्वतःची गाणी घ्यायला सुरुवात केली आणि १९८८ मध्ये ‘रॉक एन रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. त्या काळात भारतातल्या रॉक बँडसाठी हे धाडसच होतं. १९९३ मध्ये ते ‘इंडस क्रीड’ झाले, १९९७ मध्ये थांबले, २०१० मध्ये पुन्हा जमले आणि २०१२ ला नवा अल्बम दिला. जुनीच कव्हर वाजवत बसले असते तर परत जमायला कारण काय होतं?

पण हट्टाला जागा लागते. तेव्हा ती होती. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं आणि रंगभवनचं उघडं नाट्यगृह भारतीय रॉकचं माहेर बनलं. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, आसपासच्या हॉस्पिटलांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातला रॉक बंद पडला. हॉस्पिटलशेजारी आवाज नको, हे मान्यच. पण शहरानं ती जागा बंद करताना त्या तोडीची, त्या भाड्याची दुसरी दिली नाही, याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. आज मोठे फेस्टिव्हल होतात, तिकिटं हजारांत असतात. अठरा वर्षांच्या पोरांचा दुसराच कार्यक्रम पडला तरी चालेल, अशी जागा मात्र उरलेली नाही. बीटल्ससुद्धा हँबर्गच्या क्लबांत रात्रीमागून रात्री तासन्‌तास वाजवून तयार झाले. त्यातल्या कित्येक रात्री सुमार गेल्या असणार. त्या कुणी रेकॉर्ड करून अपलोड केल्या नाहीत, हे त्यांचं नशीब.

पनवेलला गिटारच्या क्लासेसची कमी नाही. खांदा कॉलनीपासून खारघरपर्यंत पाट्याच पाट्या. कमी आहे ती चौघांनी ड्रमसकट एकत्र वाजवायच्या खोलीची. सोसायटीत वाजवलं तर सेक्रेटरी वर येतात. त्यांचीही चूक नाही, बारावीची मुलं प्रत्येक मजल्यावर असतात. स्टुडिओ तासावर मिळतो, पण आठवड्याला दोनदा परवडत नाही. मग प्रत्येक जण आपल्या बेडरूममध्ये हेडफोन लावून एकटा वाजवतो, एकटा रील टाकतो. वाजवतात बरं का, तिशीतल्या लोकांना लाजवतील असं वाजवतात. पण एकटे. क्वीनमधला तो टेलर हेडफोन लावून बसला असता तर त्याचं गाणं फ्रेडीच्या तोंडी कधी आलं असतं?

आणि आपल्याच तालुक्यात याचं उत्तर शोधलेली मंडळी आहेत. गावागावांतल्या बेंजो पार्ट्या. हळदीला, पालखीला, विसर्जनाला वाजवणाऱ्या. मुलं दिवसा नोकरी करतात, रात्री गावच्या मंदिरात नाहीतर समाजमंदिरात तालीम करतात, लग्नसराईत सुपारी घेतात आणि वाटून घेतात. डीजेनं त्यांचं बरंच काम खाल्लं, तरी काही टिकून आहेत. ‘रॉक’वाली शहरी पोरं त्यांच्याकडे बघून नाकं मुरडतात. मुरडू नयेत. पॅड वाजवणारा कधी थांबायचं आणि बेंजोवाल्याला कधी पुढं सोडायचं, हे त्यांना डोळ्यांच्या खुणेवर कळतं. ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड तुकोबांचे अभंग बेस-ड्रम-गिटारवर घेऊन उभा राहतो आणि तरुण पब्लिक ठेका धरतं, तेव्हा या दोन जगांत फार मोठी भिंत नाही हे दिसतंच.

म्हणून महापालिकेकडे आमचं मागणं छोटं आहे. पालिकेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात. प्रत्येक भागात त्यातली एक खोली, वस्तीपासून जरा लांबची, खिडक्यांना जाड पडदे लावून, नाममात्र भाड्यानं रात्री नऊपर्यंत बँडना द्या. एक साधा ड्रमसेट तिथंच ठेवा, कारण रिक्षातून न्यायला सगळ्यात अवघड तोच असतो. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात महिन्यातली एक संध्याकाळ नव्या गाण्यांसाठी राखा, मग ते रॉक असो, रॅप असो की कोळीगीत. आणि कॉलेजांनो, बँड स्पर्धेच्या नियमांत एक ओळ वाढवा की निदान एक गाणं स्वतःचं हवं. पहिल्या वर्षी भयंकर गाणी ऐकावी लागतील. ऐकू.

उरलेलं काम बँडवाल्यांचं. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं त्यांचा हक्क पक्का केला आहे. पण गाणं नोंदवताना ज्यांची नावं आणि जेवढा वाटा लिहाल, तेवढंच पुढे चालतं. त्यामुळे अपलोड करण्याआधी एक वही घ्या. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, बाकीच्यांनी काय घातलं, वाटा किती टक्के. खाली सगळ्यांच्या सह्या. समान वाटा ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण गाणं कुणीच ऐकलेलं नसतं तेव्हा ठरवा. आणि ड्रमरची सही आधी घ्या. तो सामान बांधत असतो आणि नेमका राहून जातो.