ई-क्लासवरचं बालपण

दिवाळीच्या सुट्टीत वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर अशा गावांतून दहावीच्या जुन्या तुकड्यांचे स्नेहमेळावे भरतात. तीस-पस्तीस वर्षांनी माणसं भेटतात, गुरुजींचा सत्कार होतो, आणि भाषणं सुरू झाली की बोलणारा प्रत्येक जण फिरून एकाच ठिकाणी येतो. बालपण असावं तर आपल्यासारखं. विट्टी-दांडू, भोवरे, पैनगंगेतलं पोहणं, धुऱ्यावरची बोरं, चार आण्याच्या गोळ्या. पैसा नव्हता, पण सुख होतं. "आताच्या पोट्ट्याईले मोबाईलबिगर काईच सुचत नाई," असं कुणीतरी म्हणतं आणि सगळा हॉल मान हलवतो.

हे बोलणं मी मन लावून ऐकतो, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा खोटा आहे आणि घातक आहे. जो आरोप आपण मोठ्यांनी स्वतःवर घ्यायला हवा, तो त्यातून आजच्या पोरांवर ढकलला जातो.

आधी त्या हॉलमध्ये कोण बसलेलं असतं ते बघा. दहावीपर्यंत पोचलेले लोक. आमच्या पहिलीच्या वर्गात भरपूर पोरं होती. दर वर्षी त्यांतली काही गळत गेली. कुणी सालदाराच्या घरचा म्हणून ढोरांमागे गेला, कुणी कापूस वेचणीला गेला तो परत आलाच नाही, आणि मुली तर चौथीनंतर दिसेनाशाच झाल्या. ते कुणी मेळाव्याला येत नाहीत, त्यांना निमंत्रणही जात नाही. जी बाळं शाळेच्या वयापर्यंत पोचलीच नाहीत त्यांचा तर प्रश्नच नाही. १९७१ साली महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे शंभराहून अधिक बाळं पहिलं वर्ष पुरं होण्याआधी जात होती. २०२० मध्ये हा आकडा सोळावर आला होता. देवीचा रोगी भारतात शेवटचा सापडला तो १९७५ साली, पोलिओचा २०११ साली. ज्या काळाला आपण निरोगी म्हणतो, त्या काळात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक आईनं एखादं तरी लेकरू पुरलेलं होतं. तिला कुणी माईकपुढे बोलावून विचारावं, बाई, तो काळ कसा होता?

मग येतो साधेपणा. आम्ही साधं राहायचो, साधं खायचो, असं अभिमानानं सांगितलं जातं. पण साधेपणा निवडावा लागतो, आणि आमच्यापैकी बहुतेकांपुढे निवड नव्हती. १९७२च्या दुष्काळाच्या वेळी शाळेत असलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्याशी बोलताना सुकडीचा विषय निघतोच. पिवळसर, गोड, कोरडी सुकडी. ओंजळ पुढे करायची, तोंडात बकाणा भरायचा. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं, आणि ते हसू खरं असतं. पण सुकडी हा खाऊ नव्हता. आई-बाप खडी फोडायला गेलेले, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, आणि पोरं जगावीत म्हणून वाटलेलं ते दुष्काळी अन्न होतं. ती गोडी भुकेनं दिलेली होती. धुऱ्यावरच्या बोरांचंही बरंचसं तसंच. दुपारी घरात भाकर नसेल तर बोर जास्त गोड लागतं. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजते, तिला नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या वर्गातल्या मधल्या सुट्टीत कोणकोण पाणी पिऊन परत येत होतं ते आठवावं.

वऱ्हाडातलं लहानपण जसंच्या तसं पाहायचं असेल तर उद्धव शेळक्यांची 'धग' वाचावी. १९६० साली ती आली. कौतिकच्या घरातली लेकरं कशी वाढतात, बापाला महारोग झाल्यावर त्यांच्या वाट्याला काय येतं, हे शेळक्यांनी वऱ्हाडी बोलीत लिहून ठेवलं आहे. गावकुसाबाहेरच्या पोराची खेळायची जागा कोणती आणि पाणी प्यायची कोणती, हे दया पवारांच्या 'बलुतं'नं १९७८ साली सांगितलं. ही पुस्तकं आपल्या कपाटात असताना मेळाव्यात उभं राहून "तेव्हा कुणी जातपात पाहत नव्हतं" असं म्हणण्याचं धाडस माणसं कशी करतात, मला कळत नाही. विट्टी-दांडू खेळताना पाहत नसतील. तहान लागली की पाहायचेच.

मुलींचं बालपण हा वेगळाच विषय आहे, आणि त्यावर घाईनं बोलता येत नाही. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी, त्यांच्यापुढे रोज संध्याकाळी गाणी, मग झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, आणि शेवटच्या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर. मला हा सण फार प्रिय आहे. पण त्या गाण्यांत काय असतं ते ऐका. सासू, दीर, नणंद, माहेरी जायची परवानगी, ती नाकारण्याची नाना कारणं. सात-आठ वर्षांची पोर हे का गाते? कारण थोड्याच वर्षांत तिला तिथंच जायचं असायचं. मुलीच्या लग्नाचं वय कायद्यानं अठरा झालं ते १९७८ साली, आणि कायदा गावात पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. अख्ख्या वर्षात एक महिना, तोही अंगणातला, दिवेलागणीनंतरचा. उरलेले अकरा महिने पाणी, शेण, धाकटी भावंडं.

माझ्या थोरल्या बहिणीला मी एकदा विचारलं, तुला लहानपणचं काय आठवतं? ती म्हणाली, "भुलाबाईचा महिना आठोते. बाकीचं काय आठवू? माह्या कडेवर तूच तं होता."

माझ्या पिढीतल्या पुष्कळ पुरुषांनी गायलेल्या त्या मोकळ्या बालपणाखाली अशी एकेक बहीण उभी आहे. तिनं पाणी भरलं म्हणून आम्ही नदीवर गेलो.

यावर कुणी म्हणेल, सगळं मान्य, पण सुख होतं की नाही? होतं. ते नाकारणारा माणूस खोटं बोलतो. दारिद्र्य होतं म्हणून आनंद खोटा होता असं म्हणणारे पंडितही मला तितकेच चुकीचे वाटतात. पोर कुठल्याही काळात आनंदाची जागा शोधतंच. आपण विचारायला हवं ते हे की ती जागा कुठं होती आणि आता कुठं गेली.

माझं उत्तर सरळ आहे. ती जागा ई-क्लासवर होती.

वऱ्हाडातल्या खेड्यात राहिलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. महसुलाच्या कागदावर गुरचराईसाठी राखलेली सरकारी जमीन म्हणजे ई-क्लास. पोरांच्या लेखी ती कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. तिथं कुणी हाकलत नव्हतं. बाभळी, बोरी, एखादं कवठ, पावसाळ्यात साचलेलं डबकं आणि भरपूर मोकळी माती. ढोरं चरायची आणि ढोरक्यांसोबत आम्ही. दुपारी शाळा नसलेलं पोर आणि शाळा बुडवलेलं पोर तिथं एकाच डावात असायचं. गावातल्या गल्ल्या जातीनं वाटलेल्या होत्या, आणि पाणवठेही. त्यातल्या त्यात सैल जागा कोणती असेल तर ही. विहिरीवरची शिवाशिव तिथं पुरती मिटत नव्हती, पण डाव मांडताना तुझा बाप कोण हे विचारायला वेळ नसायचा.

आणि डाव मांडणं ही केवढी मोठी गोष्ट होती! मोठं माणूस एकही नाही. सहा वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची पोरं. नियम तिथंच ठरायचे, भांडणं तिथंच व्हायची आणि तिथंच मिटायची, कारण मिटली नाहीत तर खेळ बंद. त्यात एखादं अगदी चिमुरडं असायचं, त्याला 'कच्चा लिंबू' करायचं. तो पळणार, ओरडणार, दांडूही हातात घेणार, पण बाद होणार नाही. दोन-तीन वर्षं कच्चा लिंबू राहिलेलं पोर एके दिवशी म्हणायचं, आता मला पक्का धरा, आणि सगळे मिळून ते ठरवायचे. दुबळ्याला डावाबाहेर न ठेवता सांभाळून घ्यायचं, आणि तो तयार झाला की त्याला बरोबरीचं मानायचं, हे त्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांनी भरवलेल्या शिबिरात हे घडत नाही. तिथं वयाप्रमाणे गट पडतात आणि शिट्टी सरांच्या हातात असते. त्या काळातलं जपावं असं माझ्या मते हेच आहे: मोकळी सामाईक जागा, कुणी हिशेब न मागणारा वेळ, आणि लहानमोठ्यांची एकत्र संगत. बोरं-चिंचा त्यामागून येतात.

आता हे पोरांनी टाकून दिलं का? पोरांच्या हाती कधी काय होतं?

ई-क्लास कुठं गेली ते कुठल्याही गावात विचारा. काही जमीन भूमिहीनांनी वाहितीखाली आणली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले होते, आणि ज्याच्याकडे एक गुंठा नाही त्यानं पडीक गायरान कसून पोट भरलं, त्याच्यावर बोट ठेवायला मी तयार नाही. पण गावाला लागून असलेला, पोरांच्या पायाखालचा तुकडा बहुतेक ठिकाणी त्यांनी घेतलेला नाही. तो धुरा सरकवत सरकवत शेजारच्या मोठ्या शेतात गेला, कुठं दुकानगाळे झाले, कुठं उकिरडे. सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या गावांना परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सगळ्या राज्यांना बजावलं. तो निकाल किती ग्रामपंचायतींनी उघडून वाचला?

ज्वारीचंही तसंच झालं. पूर्वी शेतात माळा असायचा, पोर गोफण घेऊन पाखरं हाकायचं आणि थंडीत हुरडा व्हायचा. आज जिल्हाभर सोयाबीन आहे. शेतकरी वेडा नव्हता. तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा देणारं पीक त्यानं घेतलं. कापसाच्या कर्जानं माणसं जीव देत होती, म्हणून २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यांत वाशीम होता. उरलीसुरली ज्वारी रोही आणि रानडुकरांनी ठेवली नाही. पण हे सगळं मोठ्यांच्या जगात घडलं. कोजागिरीला भुलाबाईच्या मखरासाठी पाच धांडे मिळत नाहीत, आणि आपण म्हणतो, पोरींना सण नको झाले.

कारंज्याच्या लोकांना शकुंतलेची आठवण अशीच येते. मूर्तिजापूर-यवतमाळ हा नॅरोगेज रस्ता इंग्रजी कंपनीनं वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकला. १९९४ पर्यंत त्यावर मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन धावत होतं. ती गाडी पोरांनी बंद पाडली नाही.

राहिला मोबाईल. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यास मोबाईलवर येईल असं आपणच सांगितलं. ज्या घरात फोन नव्हता तिथं बापानं उसनवारी करून तो आणला. शाळा उघडल्यावर तो परत घ्यायचा तर बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, आणि आपल्याकडे द्यायला अंगण नव्हतं, मैदान नव्हतं, वेळही नव्हता. पाचवीतल्या पोराला सकाळी शाळा, संध्याकाळी नवोदयची शिकवणी, रविवारी स्कॉलरशिपचा सराव. पुढे नीटसाठी अकोला नाहीतर लातूर. या पोराला 'तू खेळत नाहीस' म्हणून बोलायचं कुठल्या तोंडानं? आणि मानोऱ्याच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला नाहीतर बांधकामावर जाणारी पोरं तर आजही जुन्याच काळात जगतायत. मेळाव्यातली भाषणं त्यांना लागू पडत नाहीत, तेव्हाही पडत नव्हती.

म्हणून माझी मागणी जुना काळ परत आणा अशी नाही. तो येऊ नये. खिचडी राहू द्या, लशी राहू द्या, पोरगी बारावीपर्यंत शिकू द्या. त्यात त्या काळातली एकच वस्तू आणून ठेवा, आणि या वेळी ती सगळ्यांना द्या. खेळण्याचा आणि फुरसतीचा हक्क बालहक्क करारातल्या ३१व्या कलमात आहे, भारतानं तो करार १९९२ साली स्वीकारला. शिक्षणहक्क कायद्यानं २००९ साली शाळेला मैदान सक्तीचं केलं. कागद पुरेसे आहेत. शाळा सुटल्यावर त्या मैदानाच्या फाटकाला कुलूप लागतं, ते काढायला निधी लागत नाही.

मेळाव्यांत शाळेला कमान, घड्याळ, पंखे भेट देण्याची प्रथा पडली आहे. त्याऐवजी त्या तुकडीतल्या पाच-दहा जणांनी आपापल्या गावच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बसावं. भुलाबाईचे दिवस बहुधा त्याच सुमारास असतात. गावालगतची ई-क्लास मोजून घ्या, तिच्यातला एक तुकडा पोरांच्या खेळासाठी राखा, असा ठराव मांडावा. त्या तुकड्याच्या कडेनं ज्वारीचे चार तास पेरावेत. संध्याकाळी तिथं मुलींना निर्धास्त खेळता यावं म्हणून दिवा लावावा, आणि तेवढा वेळ घरातलं धाकटं भावंड भावाच्या कडेवर द्यावं. ग्रामसेवकाला हे प्रोसिडिंग बुकात लिहायला लावावं, खाली सह्या कराव्यात, आणि पहिल्या सह्या त्या वर्गातून गळालेल्या मुलींच्या घ्याव्यात. त्यांतल्या बऱ्याच जणी आज आज्या झाल्या आहेत आणि त्याच तालुक्यात राहतात.