रंग मारला म्हणजे दुरुस्त झाले का?

रमजानच्या आधी महिनाभर आमच्याकडच्या जुन्या बाजारात गॅसवर चालणारी ग्रिल्स विकायला येतात. काही बंद पडलेल्या हॉटेलांतली, काही केटररने काढून टाकलेली, एखादे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधून आलेले, मोठ्या झाकणाचे. रंग मात्र सगळ्यांचा एकच, चंदेरी. विकणारा झाकणावर टिचकी मारतो आणि म्हणतो, "पूर्ण रिपेअर केलंय, एकदम नव्यासारखं." घेणारा बहुधा विशी-पंचविशीतला पोरगा असतो. तरावीहनंतर कबाबची गाडी लावायची आणि ईदपर्यंत चार पैसे जमवायचे, एवढा त्याचा हिशोब. कोळशापेक्षा गॅस सोयीचा पडतो, हेही खरेच. पण त्याने विकत घेतलेले ग्रिल दुरुस्त केलेले नसते, रंगवलेले असते. हा फरक लपवून माल विकणे ही फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी दोन भाषा शिकवतो, त्यामुळे माझी सवय आधी शब्दाकडे जाण्याची. 'दुरुस्त' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचा अर्थ बरोबर, नीट, शाबूत. 'तंदुरुस्त'मध्येही तोच बसलेला आहे. आता तंदुरुस्त माणूस म्हणजे तोंडाला पावडर लावलेला माणूस, असे कुणी म्हणेल का? यंत्राच्या बाबतीत मात्र आपण खुशाल तसे म्हणतो.

गेल्या वर्षी मी असेच एक ग्रिल १,८०० रुपयांना घेतले. रंग न मारलेले मुद्दाम शोधले, कारण गंज दिसत असला म्हणजे निदान काय आहे ते कळते. आमच्या मोहल्ल्यात शेगड्या दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्या दुकानात ते उतरवले. चाचांनी झाकणाकडे पाहिलेही नाही. खाली वाकून कॉक फिरवून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "मास्टर, ये कॉक मैं नहीं लगाऊँगा." ग्रीस घालून चालेल का, असे विचारले तर मान हलवली. बाकी सगळे घासून-पुसून देतो, पण ज्यातून गॅस जातो ते जुने ठेवणार नाही.

ग्रिल दुरुस्तीचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. जिथे फक्त आग आणि अन्न येते, तिथे काटकसर करा. जाळी, झाकण, पाय, चरबी गोळा करणारा ट्रे, हे सगळे जुनेच वापरता येते. बिडाच्या जाळीवरचा वरवरचा गंज हा दोषच नव्हे. घासून धुवायची, लगेच कोरडी करायची, तेलाचा पातळ हात फिरवून तापवायची. दोन-चार वेळा असे केले की ती तव्यासारखी काळी होते आणि मांस चिकटत नाही. तारेचा ब्रश वापरला तर नंतर ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यावे, कारण सुटलेली बारीक तार कबाबातून पोटात जाऊ शकते. मूळ जाळी मोडलेलीच असेल तर हार्डवेअरच्या दुकानातली स्वस्त जाळी आणून बसवू नये. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो फार तापला की त्याचा धूर अपायकारक असतो. अन्नाला लागणाऱ्या बाजूवर चंदेरी रंग तर नकोच नको.

गॅसच्या वाटेचा हिशोब वेगळा. नळी, रेग्युलेटर, कॉक, वॉशर यांत जुने काही ठेवायचे नाही. आपल्याकडची नारिंगी 'सुरक्षा' नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते, मग कुणाच्या तरी हॉटेलात किती वर्षे तापलेली, उंदराने कुरतडलेली नळी कशी चालेल? एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, गटारात, गाडीच्या खाली साचतो. म्हणून गळती पाहायची ती साबणाच्या पाण्याने, प्रत्येक सांध्यावर फेस लावून. काडी ओढून पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मधली एक जागा फसवी असते, बर्नरची. बर्नरच्या नळीत गॅस शिरताना आपल्याबरोबर हवा ओढून घेतो आणि दोन्ही मिसळून वर जळतात. ग्रिल वर्ष-दोन वर्षे पडून राहिले की या नळीत कोळी जाळे करतो. बाहेरून काही दिसत नाही. मग गॅस पुढे न जाता मागे फिरतो आणि बटणांच्या मागे पेट घेतो. चाचांनी माझ्या ग्रिलच्या तीन नळ्यांतून बाटली धुवायचा लांब ब्रश फिरवला. दोन नळ्यांतून जाळी निघाली, तिसरीतून कुंभारमाशीचे मातीचे घर. वरून रंग मारणाऱ्याने या नळ्यांत कधी डोकावले असेल का?

जेटचेही तसेच. पितळी जेटचे भोक एक मिलिमीटरहूनही लहान असते. ते तुंबले की लोक सुई घालून खरवडतात. पितळ मऊ असते, भोक मोठे होते, ज्योत मोठी आणि पिवळी होते आणि गिऱ्हाईक खूश होते की आता आग जोरात येतेय! निळी, आखडलेली ज्योत चांगली. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय, काजळी धरतेय, कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. शहरातल्या फ्लॅटमधून आलेल्या ग्रिलमध्ये आणखी एक गोम असते. ते पाइपच्या गॅसवर चालणारे असेल तर त्याचे जेट मुळातच मोठे असतात. तेच सिलिंडरला जोडले तर ज्योत हातभर उसळते. विकणाऱ्याने हे सांगायला हवे. बहुतेकांना ते ठाऊकही नसते.

हे सगळे मी एका ओळखीच्या विक्रेत्याला ऐकवले, तेव्हा त्याने जे उत्तर दिले ते मला अजून खटकते. म्हणाला, "सर, गरिबाला एवढं चालतं. नवी नळी, नवा कॉक घातला तर तो घेणारच नाही." गरिबाला चालते! या एका वाक्यावर आपल्याकडे किती धंदे उभे आहेत. श्रीमंताच्या घरी ग्रिल बंगल्याच्या मोकळ्या अंगणात पेटते. या पोराचे पेटते तीन फुटी गल्लीच्या तोंडाशी, पायाशी सिलिंडर, भोवती नमाजवरून परतणारी गर्दी, मुले. चांगल्या नळीची गरज कुणाला जास्त आहे?

आणि पैशांचा हिशोबही तो विक्रेता समजतो तसा नाही. माझ्या ग्रिलला सगळे नवे सामान आणि मजुरी धरून २,१५० रुपये लागले, म्हणजे एकूण ३,९५०. बाजारात रंगवलेले ग्रिल ३,५०० ला जात होते. साडेचारशे रुपयांचा फरक. रंगाच्या डब्याचे आणि 'नव्यासारखं' या शब्दाचे पैसे तो पोरगा भरतोच आहे. तेच पैसे कॉकसाठी भरायला त्याला कुणी सांगितलेले नाही, एवढेच. चाचांनी यातले मजुरीचे ४०० मागितले, तर दुकानात बसलेल्या एका सद्गृहस्थांनी लगेच मध्ये तोंड घातले, "घासायचे चारशे?" घासण्याचे नव्हेत. 'हे मी लावणार नाही' असे सांगण्याचे आहेत, असे मी त्यांना म्हणालो. ते हसले. मी गंमत करत नव्हतो.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, पोर्टलही काढले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने यांच्या कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी, असा तो विचार. चांगला आहे. पण दुरुस्ती करणाराच उरला नाही तर हक्क घेऊन जायचे कुठे? चाचांची दोन्ही मुले मोबाइलच्या दुकानात कामाला आहेत. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला शेवटचा पोरगा सहा महिन्यांत निघून गेला, कारण रंग मारण्यात मजुरी जास्त मिळते.

शाळांनी इथे काही करावे, असे मला शिक्षक म्हणून वाटते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांबरोबर घालवण्याची तरतूद आहे. सुतार, माळी, कुंभार यांची नावे त्यात आहेत. शेगडीवाल्याचे नाव नाही, पण त्याला बंदीही नाही. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे कागदी फुले करून घेतो. त्याऐवजी साबणाच्या फेसाने गळती कशी पाहायची, नळीवरचे साल कुठे छापलेले असते, सिलिंडर आडवा का ठेवायचा नाही, गळती झाली तर १९०६ वर फोन कसा करायचा, हे रिकाम्या शेगडीवर एका तासात शिकवता येते. मुलींनाही आणि मुलांनाही. घरी जाऊन आईची नळी ती स्वतः तपासतील.

मी हे आमच्या शाळेत मांडले आहे. सुरक्षेची जबाबदारी कोण घेणार, असा प्रश्न आला. प्रश्न रास्त आहे, म्हणून गॅसविना, सुटी शेगडी टेबलावर ठेवूनच तास घेऊ, असे लिहून दिले आहे. उत्तर अजून यायचे आहे. चाचांना विचारले तर ते लगेच तयार झाले. शुक्रवार सोडून कधीही बोलवा, म्हणाले. फक्त मुलांना आधीच सांगून ठेवा, मी शेगडी चमकवून दाखवणार नाही, खोलून दाखवणार आहे.