भिंतीचा रंग कुणी ठरवायचा?

परवा बचतगटाच्या बैठकीला सेनगाव तालुक्यातल्या एका गावी गेले होते. बैठक एका मैत्रिणीच्या नव्या घरकुलात होती. घर टापटीप, भांडी लख्ख घासलेली. पण भर दुपारी दोन वाजता दिवा लावून बसावं लागलं. चारही भिंती गर्द हिरव्या, वर जांभळा पट्टा. मी सहज म्हटलं, "रंग मोठा झकास निवडलास गं!" तर ती हसून म्हणाली, "कुठलं ताई, ह्यांनी आन् पेंटरनं ठरवलं. मला कुणी इचारलं?"

तिचं बोलणं घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं असावं आणि ते शक्यतो नवरा-बायको दोघांच्या किंवा बाईच्या नावावर असावं, असा नियम आहे. कागदावर बाईचं नाव आलं, ही मोठीच गोष्ट. पण ज्या भिंतींच्या आत तिचा सारा दिवस जातो, त्यांचा रंग ठरवताना तिला कुणी विचारत नाही!

हल्ली टीव्हीवर, जाहिरातींत 'न्यूट्रल कलर'चं फार कौतुक चालतं. मोतिया, बदामी, राखाडी, मातकट. मैत्रिणींनो, हे रंग आपल्याला नवे आहेत का? गाव वसतं ती पांढरी आणि पीक येतं ती काळी, असं आपली भाषाच म्हणते. त्या पांढऱ्या मातीनं आपल्या आया-आज्या महालक्ष्म्यांच्या आधी भिंती पोतारायच्या, शेणानं भुई सारवायच्या. घर कसं शांत, उजळ दिसायचं. त्या कामात कंबर मोडायची, हात फाटायचे, हेही खरं. त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण भिंतीला काय लावायचं, कुठे किती हात द्यायचे, हे त्याच ठरवायच्या. सिमेंट आलं, पेंटर आला, कष्ट सुटले. आणि कष्टांबरोबर निर्णयही हातातून सुटला.

फिकट रंग ही काही श्रीमंतांची हौस नाही. लहान खोलीत एकच खिडकी असेल, तर पांढरी-मोतिया भिंत आलेला उजेड परत फेकते आणि गडद भिंत तो गिळून टाकते. दिवसा दिवा जळत नाही, सुई ओवताना डोळे ताणावे लागत नाहीत, लेकरांना अभ्यासाला उजेड मिळतो. स्लॅबवर वरून चुना मारला तर ऊन बरंचसं परतून लावलं जातं आणि खोली कमी तापते. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरं याच कारणासाठी पांढरी केली गेली. आपल्या वैशाखातल्या उन्हाला यापेक्षा स्वस्त उपाय कोणता? चुनकळी मात्र लोखंडी पिंपात भिजवा, ती चांगलीच उकळते. रात्रभर मुरू द्या, गाळून घ्या, चिमूटभर नीळ घाला. डोळे आणि हात सांभाळा, लेकरांना लांब ठेवा. आणि ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे लक्षात असू द्या.

"फिकट रंग मळतो, पुसायचा कुणी?" असं सासूबाई विचारतील. प्रश्न रास्त आहे, कारण पुसणं शेवटी आपल्याच वाट्याला येतं. त्यावर सोपी तोड आहे. खालून तीन-साडेतीन फुटांपर्यंत मातकट किंवा गडद राखाडी ऑइलपेंटचा पट्टा द्या, वर फिकट रंग ठेवा. लेकरांचे हात, पाठ टेकल्याचे डाग पट्ट्यावरच पडतील आणि ओल्या फडक्यानं निघतील. चुलीशेजारीही हाच पट्टा उंच घ्या. आणि फडकं घरातल्या कुणाच्याही हातात शोभतं, हेही एकदा सांगून ठेवा!

मग घर फिकं-फिकं वाटेल का? मुळीच नाही. आपल्या घरात रंगांना तोटा कुठे आहे? जुन्या लुगड्यांची वाकळ, दाराचं तोरण, उंबऱ्यावरची रांगोळी, वसमतकडे तर हळदीच्या दिवसांत अंगणच पिवळं होतं. मागे भिंत शांत असली की हे सगळं उठून दिसतं.

आणि एखादीला हिरवाच रंग मनापासून आवडत असेल, तर तिनं खुशाल हिरवा लावावा. फक्त तो तिनं निवडलेला असावा. येत्या दिवाळीला पेंटर दारात आला की त्याच्या हातातलं शेडकार्ड आधी आपल्या हातात घ्या. खिडकीशी नेऊन उजेडात बघा आणि मग सांगा, "हा रंग."